मिनेसोटातलं मुंगूस

मुंगूस दिसलं तर दिवस चांगला जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या गावात मुंगूस आडवं गेलं की पोरं त्याला रामाची शपथ घालायची, तोंड दाखव म्हणायची. त्यानं वळून बघितलं की झालं, त्या दिवशी मास्तर मारणार नाही. मी सातवीत दोनदा बसलो तेव्हाही मुंगूस बघूनच पेपरला गेलो होतो, पण त्यात मुंगसाचा दोष नाही.

तर रविवारी दुपारी मिनेसोटात, ताईच्या घरामागच्या ओढ्याच्या काठावर, गुडघाभर बर्फात मला मुंगूस दिसलं. काळपट तपकिरी, लांबट, चकचकीत. बर्फातनं वर आलं, पुन्हा आत गेलं, पुन्हा चार हात पुढं वर आलं. मी काय करावं? हातातलं फावडं खाली ठेवलं, हातमोजे काढले आणि हात जोडले. मोजे घालून नमस्कार कसा करायचा? त्यानंही थांबून माझ्याकडं बघितलं. हनुवटीखाली पांढरा ठिपका होता. मी पळत घरात गेलो.

"ताई, मुंगूस दिसलं! तोंड दाखवून गेलं!"

"इथं कुठलं मुंगूस?"

"मग काय मांजर आहे का? मला मुंगूस कळत नाही होय? बघ आता, दिवस फिरणार."

फिरले. सोमवारी सकाळी खुराड्यात पाच कोंबड्या मेलेल्या.

आधी कोंबड्यांचं सांगतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न करून अमेरिकेत आली, तिनंच माझे कागद केले, आणि दोन हजार तीन साली मी इथं येऊन तिच्या बेसमेंटमध्ये राहायला लागलो. उन्हाळ्यात एका माणसाकडं लोकांचं गवत कापायचो. बर्फ पडला की ते काम बंद, ते एप्रिलपर्यंत. म्हणजे पाच महिने मी घरात. मी बसू शकणारा माणूस नाही. शाळेत बसता आलं असतं तर इथं गवत कापत नसतो. जिन्यावरनं खाली, खालनं वर, फ्रिज उघड, बंद कर, खिडकीतनं बघ. ताई म्हणायची, "तू घरात असलास की घर हलतंय असं वाटतं मला."

भाची कॉलेजला लांब गेली आणि ताईचं घर एकदम रिकामं झालं. दाजी दिवसभर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर. म्हणून ताईनं पुढच्या वसंतात बारा पिल्लं आणली. मोठी झाल्यावर त्यांना नातलगांची नावं ठेवली. मामी, काकू, आत्या, विहीण, थोरली जाऊ, धाकटी जाऊ. एक होती ती सगळ्यांना टोचायची, तिचं नाव नणंद. दाजींना बहीण आहे, म्हणून ते नाव त्यांच्यासमोर घ्यायचं नाही असं ठरलं होतं. ताई सकाळी पोळीचा चुरा घेऊन बाहेर जायची आणि अर्धा अर्धा तास बोलत बसायची. फोनवर गावाकडच्या मामीशी ती इतकं बोलत नव्हती.

खुराडं मी बांधलं. नीट बांधलं, उगाच कशाला खोटं बोलू. फक्त एक गोष्ट केली. आमच्याकडं जिथं पाणी पडतं तिथं मोरी लागते. कोपऱ्याला उतार द्यायचा, भिंतीला खाली भोक ठेवायचं, पाणी मारलं की घाण बाहेर. ते माझ्या हातालाच लागलेलं आहे. मी अमेरिकन खुराड्याला मस्त मोरी काढली. मूठ जाईल एवढं भोक. आणि त्यात वीट बसवली.

इथं खुराडं पाण्यानं कुणी धूत नाही, हे मला नोव्हेंबरात कळलं. धुतलं तर खुराड्यात बर्फाचं मैदान होतं आणि कोंबड्या त्याच्यावर घसरतात. असो.

सोमवारी सकाळी मीच आधी गेलो. मामी, काकू, आत्या, विहीण आणि धाकटी जाऊ कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या. रक्त थेंबभर. मानेवर दोन दातांच्या खुणा. बाकीच्या सात वरच्या दांडीवर, एकमेकींना चिकटून, आवाज नाही. नणंदसुद्धा गप्प. मी खाली बघितलं तर मोरीची वीट बाजूला पडलेली आणि भोकातनं बर्फ आत आलेला. बर्फावर दोन दोन पावलांच्या जोड्या. मी पहिल्यांदा काय केलं असंल? वीट उचलली आणि भोकात दाबून बसवली. मग ताईला हाक मारली.

म्हणजे एक तर मी चोराला हात जोडले. दुसरं, चोराला दार करून दिलं. आणि तिसरं, दार लावून घेतलं नि दार नव्हतंच असं तोंड केलं.

ताई रडली. तिला रडताना मी लहानपणीसुद्धा फार बघितलं नव्हतं. पाचही कोंबड्या ओळीनं ठेवून ती त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत होती, आणि मी शेजारी उभा राहून एक पाय उचल, दुसरा ठेव करत होतो. "कुठनं आलं असंल रे?" ती म्हणाली. मी वर छपराकडं बघितलं. छपराला काहीही झालेलं नव्हतं.

उरलेल्या सात कोंबड्या गॅरेजमध्ये आणल्या, खोक्यांत. दाजींची गाडी बाहेर गेली. दाजी माणूस सज्जन, पण टापटीप. मंगळवारी सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून आले, कानाच्या पाळ्या लाल, आणि टेबलाशी उभं राहून म्हणाले, "आपण पिल्लं आणली त्या फार्मरला मी फोन केलाय. शनिवारी दहाला येतो, सगळ्या घेऊन जाईल. मोठी जागा आहे त्याची, नीट राहतील."

ताई ताटलीत पोळीचा चुरा करत राहिली.

"हे बघ, मला गाडीचं काही नाही," दाजी म्हणाले. "तू कालपासनं जेवली नाहीस. परत कधीतरी चार मरणार, परत तू अशी बसणार. मला नाही बघवत."

ताई ताटली घेऊन गॅरेजमध्ये गेली. मी दाजींना म्हणलं, "दाजी, शनिवारपर्यंत मी पकडतो त्याला."

"कशाला पकडता?"

"मुंगसाला."

"ते मुंगूस नाही, मिंक आहे," दाजी म्हणाले. "त्याच्या कातड्याचे कोट करतात." आणि माझ्याकडं असं बघितलं की मिंक तर सोडाच, मला बस पकडता येते का याचीसुद्धा त्यांना शंका होती. बरोबर होतं. मी दोनदा उलट्या दिशेची पकडली होती.

ताईनं सरकारी ऑफिसात फोन करून विचारलं. स्वतःच्या जागेत, कोंबड्या मारणारं जनावर, तर पकडायला हरकत नाही, फक्त सापळा रोज बघायचा. रोज! मी तासाला बघायला तयार होतो. तेच नडलं.

मंगळवारी मी आमच्याकडच्या उंदराच्या पिंजऱ्यासारखा पिंजरा केला. दुधाच्या बाटल्यांचा प्लास्टिकचा क्रेट, त्याला फळीचं दार, दाराला दोरी, दोरीला आत आकडा. आणि आकड्याला काय लावायचं? उंदराला आपण भाजलेला बोंबील लावतो, वासानं वेडा होऊन येतो. ताईकडं जर्सी सिटीहून कुणीतरी आणलेले सुके बोंबील होते. मी दोन घेतले आणि गॅसवर भाजले. घरातला धुराचा अलार्म वाजला, दाजी त्या दिवशी घरनंच मिटिंगमध्ये फोनवर होते, ते फोन घेऊन बाहेर बर्फात गेले.

पिंजरा ओढ्याकाठी ठेवला. दोन तासांनी गेलो तर दार पडलेलं आणि आत काहीतरी जिवाच्या आकांतानं ओरडतंय. मी आनंदानं नाचलो. वाकून बघितलं तर शेजारच्या म्हाताऱ्याचं मांजर, अख्खा बोंबील खाऊन मिश्या चाटत होतं आणि दुसऱ्यासाठी ओरडत होतं. त्यानंतर ते मांजर आठवडाभर आमच्या दारात बसायचं.

मांजर परत द्यायला गेलो, तिथं म्हाताऱ्याची ओळख झाली. ऐंशीच्या पुढचा, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत चालायचा. तरुणपणी हिवाळाभर ओढ्यानाल्यांवर सापळे लावायचा. मी त्याला काका म्हणायचो. त्याला अर्थ माहीत नव्हता, पण हाक मारली की बघायचा. त्याचं इंग्लिश मला चार शब्दांत एक कळायचं, माझं त्याला आठांत एक. तरी आमचं जमलं, कारण तोही बसू शकत नव्हता. खुबा बसवून ठेवत होता म्हणून चिडलेला असायचा.

त्यानं मला दोन सापळे दिले. एक चौकोनी, दोन तारांच्या चौकटी नि स्प्रिंग, जनावर मधनं गेलं की एका झटक्यात संपतं. दुसरा छोटा, पायाचा. आणि हातवारे करून सांगितलं: बादली आडवी टाक, आत मासा ठेव, तोंडाशी सापळा. कोरडं ठेव. सगळं कोरडं.

कोरडं हा शब्द मला कळला होता. खरंच कळला होता. पण बुधवारी बादली नेली तेव्हा तिला मातीचा जुना थर होता, आणि आपल्याकडं भांडं वापरायच्या आधी धुतात. मी घरातनं गरम पाणी नेलं आणि बादली स्वच्छ विसळली. सापळाही विसळला. हाताचा वास जावा म्हणून. ठेवून, मागं वळून, दहा पावलं चाललो आणि परत येऊन बघितलं, तर सापळा बादलीला चिकटलेला, बादली जमिनीला चिकटलेली, मासा दगड झालेला. लाथ मारली तर माझ्याच अंगठ्यातनं आवाज आला. मिंक त्या रात्री येऊन बादलीवर चढून गेलं. पावलं होती वर. बहुतेक लांबचं बघायला चढलं असंल.

मला झोप येईना. अंथरुणात पडलो की वाटायचं, आत्ता आलं असंल. बूट घालायचे, जायचं, बघायचं, काही नाही, परत यायचं. सकाळी खिडकीतनं बघितलं तर घर ते ओढा हमरस्ता झालेला. माझ्याच पावलांचा.

गुरुवारी सकाळी पायाचा छोटा सापळा लावायला घेतला. त्याच्या जबड्याखाली कोरडं गवत घालायचं, मेणाचा कागद घालायचा, म्हणजे तो गोठत नाही, हे आता म्हाताऱ्यानं कागदावर चित्र काढून दिलं होतं. सगळं चित्रासारखं केलं. मग एक गवताची काडी वाकडी दिसली. ती मी नीट करायला गेलो.

जाड मोजा होता म्हणून बोटं राहिली. पण तो सापळा उघडायला दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम दाबाव्या लागतात, आणि माझा एक हात आत. साखळी तारेनं झाडाच्या मुळाला बांधलेली, तीही मीच, आणि घट्ट. शून्याखाली कितीतरी, नाक गोठलेलं, आणि मी डाव्या हातानं माझीच गाठ सोडतोय. मी बांधलेली गाठ आयुष्यात पहिल्यांदाच एवढी पक्की निघाली. अर्ध्या तासानं सुटलो आणि साखळी खळखळ वाजवत म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिलो.

त्यानं दार उघडलं, हाताकडं बघितलं, मग मला वरपासनं खालपर्यंत. "मोठी शिकार आहे," तो म्हणाला. "पण कातडं कुणी घेणार नाही."

सापळा काढला, कॉफी पाजली, आणि मग काठी घेऊन स्वतःच निघाला. मी नको नको म्हणत होतो, तो ऐकंना. माझ्या खांद्यावर हात ठेवून, बर्फातनं, दर चार पावलांना शिवी देत. ओढ्यावर गेलाच नाही. घराच्या मागच्या बाजूनं, खुराड्याच्या भिंतीपाशी थांबला आणि काठीनं दाखवलं. बर्फावर जोड्या जोड्यांची पावलं. ओढ्याच्या काठानं येतात, भिंतीपाशी जातात, विटेपाशी घोटाळतात आणि परत. सोमवारची, मंगळवारची, कालची. एकावर एक.

"रोज येतोय," तो म्हणाला. "तू दार लावून घेतलंस आणि त्याला ओढ्यावर शोधतोयस." मग वाकून वीट बघितली. "हे भोक कशाला?"

"वॉटर," मी म्हणलं. "वॉश."

"मिनेसोटात?"

मी मान हलवली. त्यानं काठीनं विटेवर दोनदा ठोकलं. मग म्हणाला, मिंकला भोक दिसलं की त्याला राहवत नाही, आत डोकावल्याशिवाय ते पुढं जातच नाही. वीट काढ. भोकाला बाहेरनं फळ्यांचा बोगदा लाव. बोगद्यात चौकोनी सापळा. आमिष लागत नाही, काही लागत नाही. आणि माझ्या पावलांच्या हमरस्त्याकडं काठी करून म्हणाला, "आणि तू घरात बस. मिंकपेक्षा तू जास्त फिरतोयस."

तो गेला. मी भिंतीपाशी उभा. बोगदा करायचा तर ताईला विचारून गॅरेजमधल्या फळ्या घ्यायच्या, आणि तिथंच का म्हणाली तर मोरीचं सांगायचं. मी खुराड्याला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला ताई समोर. अंगावर दाजींचा कोट.

"काय म्हणत होते ते?"

"ताई, हे भोक आहे ना. मोरी. इथनं आलं ते. वीट सुटली होती. मी सोमवारी तू यायच्या आधी परत लावली." एका दमात सांगितलं. "मी मूर्ख आहे. खुराड्याला कुणी मोरी काढतं का?"

ताई विटेकडं बघत राहिली. थंडीत तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, नुसतं थंडीचं की कशाचं कळंना.

"वीट सुटली नव्हती," ती म्हणाली. "मी काढली होती."

"तू?"

"रविवारी संध्याकाळी. आत कोंबड्यांची घाण गोठली होती, ती झाडून त्या भोकातनं ढकलली. तेवढ्यात फोन वाजला, भाचीचा तुझ्या. आत पळाले. वीट राहिली." तिनं नाक पुसलं. "सोमवारी आले तर वीट जागेवर. मला वाटलं, मी लावली असणार. मग वाटलं, नाही लावली. चार दिवस हेच चाललंय डोक्यात. कुणाला सांगू?"

"मग छपराकडं मी कशाला बघत होतो?"

"मला काय माहीत! मीपण बघत होते."

ती हसली. मीही हसलो, पण दोघांनाही ते फार वेळ जमलं नाही. मग आम्ही फळ्या आणल्या. तिनं धरल्या, मी ठोकल्या. वीतभर रुंद, वीतभर उंच, हातभर लांब बोगदा, तळाला कोरडं गवत. सापळा ताईनं कोरड्या फडक्यानं तीनदा पुसला आणि लावला. काडी वाकडी होती एक. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी काही नव्हतं. आमच्या वासानं दूर राहिलं असंल. शुक्रवारचा दिवस कसा काढला ते मला विचारू नका. ताईनं मला घराबाहेर पडायची बंदी घातली. मी पाच किलो कांदे चिरले. त्या घरात तेव्हा तीनच माणसं.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं गेलो. सापळा मिटलेला होता.

ते केवढंसं होतं! माझ्या मनात पाच दिवसांत ते कुत्र्याएवढं झालं होतं. हातभर, शेपटीसकट. हनुवटीखाली पांढरा ठिपका तोच. एका झटक्यात गेलं होतं, डोळे अर्धे उघडे. ताईनं मोजा काढून त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, कोंबड्यांच्या पाठीवरनं फिरवला होता तसाच.

"किती मऊ आहे रे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "ह्या थंडीत रोज एवढं चालत यायचं."

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी ते म्हाताऱ्याकडं नेलं. त्यानं हातात घेऊन उलटसुलट बघितलं, चांगला नर आहे म्हणाला. मग सहज म्हणाला, "ह्याची जागा रिकामी झाली. आता दुसरा येईल. ओढा आहे तोवर येत राहतात."

हे ताईला सांगावं की नाही, याचा विचार करत मी घराला दोन फेऱ्या मारल्या. आता लपवायची हौस फिटली होती. सांगितलं. दाजी शेजारीच चहा घेत होते, त्यांनीही ऐकलं.

दहाला फार्मरचा ट्रक दारात आला. मागं रिकामी खुराडी.

दाजी उठले. "ऐकलंस ना? दुसरा येणार. त्या मोरीला सिमेंट भरलं तरी दुसरीकडनं येईल. जाऊ दे त्यांना."

"सात आहेत," ताई म्हणाली. "सातच राहतील की नाही मला माहीत नाही. पण देणार नाही."

"आणि परत मेल्या तर?"

"तर रडेन. तुम्ही मला तेवढं रडू द्या. पोरगी गेली तेव्हापण तुम्ही म्हणालात, रडू नको, सुट्टीत येईल. येते ती. म्हणून काय रडायचंच नाही?"

दाजी कप हातात धरून उभे राहिले. बाहेर फार्मरनं हॉर्न वाजवला नाही, पण इंजिन चालू ठेवलं होतं. शेवटी दाजी माझ्याकडं वळले. "त्याला सांगून या. सॉरी म्हणा. चाळीस मैल आलाय तो."

मी गेलो. मला सॉरी येतं, ते मी चांगलं म्हणतो, सवय आहे. फार्मर नुसता हसला आणि ट्रक मागं घेतला. मी परत वळलो तेव्हा ताई गॅरेजचं दार उघडून एकेक खोकं बाहेर काढत होती, आणि दाजी चपलांवरच बर्फात उतरून दुसरीकडनं खोकं धरत होते. नणंद त्यांच्या मनगटाला टोचत होती.

"हिचं नाव काय?" दाजींनी विचारलं.

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी सापळा परत लावायला पळालो.